क्रमशः चित्रकथा : थांबावे कोठे?

(पडघा येथील वसंत व्याख्यानमालेतील भाषण)



वसंत व्याख्यानमालेच्या विषयपत्रिकेवर संतवाङ्मय असते, इतिहास असतो, शेतीचे आणि आरोग्याचे प्रश्न असतात. त्या ओळीत ‘क्रमशः चित्रकथा’ हा विषय पाहून वडीलधाऱ्या मंडळींना थोडे नवल वाटले असेल, आणि मागच्या रांगांत बसलेल्या मुलांना कदाचित त्याहूनही अधिक. मुलांनी मोबाईलवर बोटाने सरकवीत पाहायची चित्रे ती काय, आणि त्यांवर तासभर बोलायचे ते काय! परंतु ज्या गोष्टीसाठी घरातली मुले आठवडाभर वाट पाहतात, त्या गोष्टीकडे घरातल्या मोठ्यांनी एकदा तरी नीट पाहावे, असे आम्हांला वाटते. म्हणून हा विषय आम्ही मुद्दाम निवडला.

या चित्रकथांचा प्रकार असा. ठरलेल्या वारी कथेचा एक हप्ता येतो. वाचक तो पाच-दहा मिनिटांत वाचून संपवतो. शेवटच्या चित्राशी कथा थांबते आणि पुढच्या हप्त्यापर्यंत वाचकाला तेथेच उभे राहावे लागते. आम्हांला आज एवढेच पाहायचे आहे की, ही कथा कोठे थांबते, कशी थांबते, आणि मुख्य म्हणजे कोणाच्या हितासाठी थांबते. आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. हप्त्याहप्त्याने सांगितलेल्या कथेत थांबा हा कथेचाच एक भाग असतो. ‘पुढे काय झाले ते सांगेन’ असा सांगणाऱ्याने ऐकणाऱ्याला दिलेला तो शब्द असतो. शब्द खरा असला की त्या वाट पाहण्यात कथा वाढते. शब्द खोटा असला की तोच थांबा माशाच्या गळाला लावलेले आमिष होतो.

चित्रे दाखवून कथा सांगणे ही काही परदेशातून आलेली नवलाई नव्हे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी नावाचे गाव आहे. तेथील ठाकर समाजाने ‘चित्रकथी’ ही परंपरा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. रामायण-महाभारतातील आख्यानांची चित्रे कागदावर रंगवायची, दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवायचे, आणि एका आख्यानाच्या चित्रांचा गठ्ठा बांधून ठेवायचा. या गठ्ठ्याला ते पोथी म्हणतात. सावंतवाडीच्या संस्थानिकांनी या कलेला आश्रय दिला. याच घराण्यातली जुनी चित्रे ‘पैठण चित्रे’ या नावाने ओळखली जातात आणि पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात ती पाहावयास मिळतात. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याचे संग्रहालय करून ही कला जपली. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पुष्कळ शहरी माणसांनी ‘चित्रकथी’ हा शब्द प्रथमच ऐकला.

या चित्रकथीची रीत आमच्या विषयाच्या दृष्टीने मोठी बोधप्रद आहे. कथेकरी एक चित्र श्रोत्यांसमोर उभे धरतो. वीणा, टाळ आणि हुडूक यांच्या साथीवर तो त्या प्रसंगाचे गायन व निरूपण करतो. प्रसंग पुरा झाला की ते चित्र बाजूला होते आणि पुढचे समोर येते. आता पाहा, चित्र तर जागचे हलत नाही. धनुष्यातून सुटलेला बाण चित्रात जेथे आहे तेथेच राहणार. वेळ जातो तो गाण्यात. आणि किती वेळ जाऊ द्यायचा हे कथेकऱ्याच्या हाती असते. सीतेच्या वनवासाशी बायाबापड्यांचे डोळे पाणावले तर ते चित्र तो आणखी थोडा वेळ धरून ठेवील. पोरे पेंगू लागली तर युद्धाचे चित्र लवकर पुढे आणील. कथेची गती त्याच्या हातात, पण त्याची नजर श्रोत्यांच्या तोंडावर. पान उलटणारा आणि ऐकणारा एकमेकांसमोर बसलेले आहेत, ही या रीतीची खरी गोम आहे.

आपल्या ठाणे-पालघर भागातली वारली चित्रे याच्या अगदी उलट. जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रे घराच्या भिंतीवरून जगभर नेली. त्या चित्रांत पेरणी, लावणी, मासेमारी, तारप्याचा नाच, लग्नाची वरात हे सारे एकाच वेळी डोळ्यांसमोर असते. तेथे पान नाही, म्हणून उलटणाराही नाही. पाहणाऱ्याने हवे तेथे शिरावे आणि हवे तेथून बाहेर यावे. म्हणजे आपल्याच मुलखात कथाचित्राच्या दोन रीती नांदत आल्या : एकीत गती सर्वस्वी सांगणाऱ्याची, दुसरीत सर्वस्वी पाहणाऱ्याची. पुढचा सगळा इतिहास या दोहोंमधल्या ओढाताणीचा आहे असे म्हटले तरी चालेल.

छापखाना आला आणि पान वाचकाच्या हातात गेले. सांगणारा दूर कोठेतरी बसलेला. वाचक पेंगतो आहे की रडतो आहे हे त्याला दिसेना. त्याच्या हाती एकच सत्ता उरली, ती म्हणजे आजचा मजकूर कोठे तोडायचा याची. येथे ‘क्रमशः’ हा शब्द जन्माला आला. मराठीत या शब्दाचे सामर्थ्य हरि नारायण आपटे यांनी दाखवून दिले. त्यांचे ‘करमणूक’ हे साप्ताहिक १८९० साली निघाले आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० ते १८९३ या काळात त्यातून हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध झाली. यमूच्या त्या कहाणीत तलवारी नाहीत, गुप्त खजिने नाहीत. घर आहे, सासर आहे, रोजचे बारीकसारीक सुखदुःख आहे. तरीही वाचक तिच्यासोबत तीन वर्षे चालले. एका बैठकीत वाचलेले दुःख माणूस एका बैठकीत विसरू शकतो. पण यमूचे दिवस आणि वाचकाचे दिवस बरोबरीने पुढे सरकले, आणि ती वाचकाच्या घरातलीच एक झाली. हप्त्यांमधला रिकामा आठवडासुद्धा त्या कादंबरीने कामाला लावला होता. आठवड्याच्या शेवटी कड्यावर लोंबकळत ठेवलेला नायक नसला तरी कथा ओढ लावू शकते, याचा याहून चांगला पुरावा आम्हांला ठाऊक नाही.

याच हरिभाऊंच्या चरित्रात दुसरी बाजूही आहे. त्यांच्या काही कादंबऱ्या पुऱ्या झाल्याच नाहीत. ‘कर्मयोग’ ही त्यांपैकी एक. हप्त्याने लिहिणाऱ्याचा हा कायमचा धोका होय. त्याने गाडी रस्त्यावर आणलेली असते, पण सगळा रस्ता त्याने पाहिलेला असतोच असे नाही.

आता पुन्हा चित्रांकडे वळू. आपल्यापैकी पन्नाशीच्या पुढच्या मंडळींना ‘चांदोबा’ आठवत असेल. तेलुगू आणि तमिळ भाषांतून १९४७ साली सुरू झालेले हे मासिक १९५२ पासून मराठीत येऊ लागले. २०१३ च्या सुमारास ते बंद पडले, पण त्यातला विक्रम आणि वेताळ अजून कोणी विसरलेले नाही. खांद्यावर प्रेत, हातात तलवार आणि भोवती स्मशान, हे चित्रकार शंकर यांचे चित्र महिन्यामागून महिने तेच असे. कथेची सुरुवात तीच, शेवटही तोच. राजा मौन सोडतो आणि वेताळ पुन्हा झाडाला जाऊन लटकतो. ही रचना मूळ ‘वेतालपंचविंशति’तली, आणि तिच्यातले शहाणपण विचार करण्यासारखे आहे. दर महिन्याची कथा त्या महिन्यातच पुरी होते. वाचक उपाशी उठत नाही. तरी मोठा प्रश्न, म्हणजे राजा वेताळाला कधी नेणार, हा उभाच राहतो. एक दार लागते आणि एक उघडे राहते. चांगल्या हप्त्याची याहून सोपी व्याख्या आम्हांला सापडलेली नाही.

१९६४ साली टाइम्स ऑफ इंडिया समूहाची ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू झाली आणि दुसरा वेताळ, म्हणजे ली फॉक यांचा मुखवटाधारी ‘फँटम’, आपल्याकडे आला. ही मालिका १९९० पर्यंत चालली. ली फॉक यांच्या कथा मुळात अमेरिकन वर्तमानपत्रांसाठी लिहिलेल्या. फँटमची पट्टी तेथे १९३६ साली सुरू झाली. रोज दोन-चार चौकटींची एक पट्टी. तिच्यात काल काय झाले याची आठवण द्यायची, आज एक पाऊल पुढे टाकायचे आणि उद्याची ओढ लावायची. अशा पट्ट्या जुळवून त्यांचे पुस्तक केले की सांधे दिसू लागतात. दर तीन-चार चौकटींनंतर कोणीतरी दचकतो, कोणीतरी दार उघडतो. वर्तमानपत्रात जो दचका दिवसभर पुरत होता, तो पुस्तकात अर्ध्या मिनिटात विरतो. यावरून एक नियम निघतो. गती ही कथेची एकटीची नसते. कथा किती अंतराने हाती पडते, त्यावर ती अवलंबून असते. रोजच्या पट्टीची चाल साप्ताहिकाला लागू पडत नाही आणि साप्ताहिकाची पुस्तकाला पडत नाही.

रोजच्या पट्टीची मराठीतली उत्तम कसोटी ‘चिंटू’ने दिली. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा हा मुलगा नोव्हेंबर १९९१ मध्ये ‘सकाळ’मध्ये अवतरला. तीन-चार चौकटी आणि त्यांत एक पुरा प्रसंग. ‘क्रमशः’ नाही, कोणी संकटात नाही, तरीही सकाळी कित्येक घरांत वर्तमानपत्र आधी त्या पानावर उघडले जाई. कारण चिंटू, पप्पू, मिनी, राजू, बगळ्या ही मुले ओळखीची झालेली होती. वाचक परत येतो तो प्रत्येक वेळी ‘पुढे काय’ म्हणून येत नाही. ‘ही मंडळी आज काय करताहेत’ म्हणूनही येतो. शेजारच्या घरी आपण रहस्य उलगडायला जात नाही, श्रोतेहो. माणसे बरी वाटतात म्हणून जातो.

येथवर कागदाची गोष्ट झाली. मोबाईलच्या पडद्यावर काय बदलले ते आता पाहू.

कागदावरच्या चित्रकथेत दोन चौकटींमध्ये एक कोरी पट्टी असते. स्कॉट मॅक्लाउड या अमेरिकन चित्रकाराने १९९३ साली चित्रकथेच्या शास्त्रावर चित्रकथेच्याच रूपात एक पुस्तक लिहिले. त्याचे म्हणणे असे की, खरी कथा या कोऱ्या जागेत घडते. एका चौकटीत कुऱ्हाड उगारलेली, दुसरीत रात्रीच्या आकाशात किंकाळी. घाव कोणी घातला? वाचकाने. पुढे २००० साली त्यानेच असा विचार मांडला की, संगणकाच्या पडद्याला पानाच्या कडा नसतात, तेव्हा चित्रकथेने पानाच्या मापात कोंडून घेण्याचे कारण नाही. या विचाराला दक्षिण कोरियात भरघोस फळ आले. तेथील ‘दाउम’ आणि ‘नेव्हर’ या संकेतस्थळांनी २००३-०४ च्या सुमारास उभ्या पट्टीच्या चित्रकथा सुरू केल्या. वाचक अंगठ्याने पट्टी वर सरकवीत जातो आणि चित्रे विहिरीतून पोहरा वर यावा तशी एकामागून एक वर येतात. सोमवारच्या कथा सोमवारी, मंगळवारच्या मंगळवारी, अशी वारांची वाटणीही तेथे रूढ झाली.

या उभ्या पट्टीत कोऱ्या जागेला निराळाच अर्थ आला. कागद महाग, तेथे कोरी जागा जपून वापरावी लागे. पडद्यावर ती फुकट आहे. दोन चित्रांमध्ये बोटभर जागा ठेवली तर क्षण गेला असे वाटते, हातभर ठेवली तर रात्र गेली असे वाटते. पुस्तकात अचानक काही दाखवायचे तर पान उलटण्याच्या जागेवर ते बेतावे लागते. येथे पडद्याच्या खालच्या कडेआड प्रत्येक क्षणी काहीतरी दडलेलेच असते. इन्स्टाग्रामवर २०१७ पासून एका खाली एक नव्हे, तर एकाशेजारी एक अशी दहा चित्रे ठेवता येऊ लागली. २०२४ मध्ये ती मर्यादा वीस झाली. तेथे वाचक बोटाने एक चित्र बाजूला सारतो आणि दुसरे समोर येते. पिंगुळीच्या पोथीचीच ही चाल नव्हे काय? फरक एवढाच की, चित्र सारणारा हात कथेकऱ्याचा नसून श्रोत्याचा आहे, आणि वीणा मुकी आहे.

गती मंद ठेवूनही लोकांना किती खिळवता येते, याचा एक नमुना सांगतो. रँडल मनरो या अमेरिकन चित्रकाराने मार्च २०१३ मध्ये ‘टाइम’ या नावाचे एक चित्र आपल्या संकेतस्थळावर ठेवले. साध्या रेघांची दोन माणसे, समुद्राकाठी वाळूत बसलेली. आरंभी दर अर्ध्या तासाने आणि पुढे दर तासाने ते चित्र बदले. माणसे वाळूचा किल्ला बांधू लागली. समुद्र थोडाथोडा चढत होता. जुलैअखेर कथा संपली तेव्हा ३,०९९ चित्रे झाली होती. बरेचदा मागच्या आणि पुढच्या चित्रांत वाळूच्या एका ढिगाएवढाच फरक असे. तरीही लोक चार महिने ते पाहत राहिले, कारण पाणी खरोखरच चढत होते आणि चित्रकार त्यांना फसवीत नव्हता. मंदपणा ही तेथे चित्रकाराची हौस नव्हती. समुद्र असाच चढतो.

आता या नाण्याची दुसरी बाजू. वाचकाला वाट पाहावी लागते हे एकदा व्यापाऱ्याच्या ध्यानात आले की तो वाट पाहणेच विकायला काढतो. २०१४ साली कोरियातील ‘काकाओपेज’ने एक पद्धत रूढ केली. तिचा मथितार्थ असा : थांबलात तर पुढचा भाग फुकट, आत्ताच हवा असेल तर पैसे टाका. चित्रकाराला मोबदला मिळालाच पाहिजे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. फुकटच्या कौतुकावर कोणाची चूल पेटत नाही. परंतु या पद्धतीचा कथेवर काय परिणाम होतो ते पाहा. वाचकाला जितके अस्वस्थ करून सोडावे तितके पैसे टाकणारे हात वाढणार. मग प्रत्येक हप्त्याच्या शेवटी कोणीतरी दार वाजवतो, कोणाचे तरी रक्त सांडते, कोणीतरी ‘तू माझा भाऊ आहेस’ म्हणतो. पुढच्या हप्त्यात पाहावे तर दार वाऱ्याने वाजलेले असते. उत्कंठा निराळी आणि चाळवणे निराळे. उत्कंठा माणसांविषयीच्या आस्थेतून येते. चाळवण्याला माणसे लागतच नाहीत, दार पुरते.

हा फरक हाताशी धरून दाखवावा म्हणून एक कथा आपण येथेच बेतून पाहू. विषय दुरून आणायला नको. मुंबई-नाशिक महामार्गाच्या दोन्ही अंगांना आपल्या भिवंडी तालुक्यातली भातखाचरे गेल्या पंचवीस-तीस वर्षांत एकामागून एक भराव टाकून सपाट झाली आणि त्यांवर गोदामे उभी राहिली. त्यात कोणाचे भले झाले, कोणाचे बुडाले, हा आजचा विषय नाही. पण कोणत्याही गावकऱ्याला विचारा, या घटनेत कथा आहे हे तो सांगेल. समजा, आबा नावाचा एक म्हातारा शेतकरी आहे. त्याचा मुलगा जवळच्या गोदामात हिशेबनीस आहे. दलाल घरी येतो आणि जमिनीचा भाव सांगतो. बारा हप्त्यांत ही कथा चित्रांनी सांगायची आहे.

चाळवणाऱ्याची रीत आपल्याला ओळखीची आहे. चौथ्या हप्त्याच्या शेवटी आबाच्या हातात लेखणी, टोक कागदाला टेकणार, तोच ‘क्रमशः’. पाचव्यात फोन वाजतो. सहाव्यात पुन्हा लेखणी, तोच विजा चमकतात. सही होते की नाही, या एका गोष्टीवर चार हप्ते निघतात आणि चार हप्त्यांत आबा कोण होता हे कोणालाच कळत नाही.

आम्हांला विचाराल तर सही चौथ्या हप्त्याच्या मधेच होऊन जाऊ द्यावी. चौकटी लहान, एकीला एक चिकटलेल्या : कागद, चष्मा, दलालाचे घड्याळ, मुलाचा हात, सही. सरकन होऊन जावी, कारण असली कामे प्रत्यक्षातही सरकन होतात. मग थोडी कोरी जागा. मग जूनची पहाट, पहिला पाऊस. आबा सवयीने उठतो, फावडे खांद्यावर टाकतो आणि बांधावर जायला निघतो. येथे चौकट उभी आणि लांबच लांब असावी, म्हणजे बांध संपेपर्यंत वाचकाचा अंगठाही आबाच्या बरोबर चालत राहील. टोकाशी मुरमाचा पहिला ढीग. हप्ता तेथे थांबावा. सही झाली का, हा प्रश्न मिटला. आता हा माणूस फावडे घेऊन कोठे जाणार, हा प्रश्न उभा राहिला. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कागदावर होते. दुसऱ्याचे उत्तर वाचकाला आठवडाभर मनात शोधावे लागेल, आणि कदाचित स्वतःच्या ओसरीवरही ते सापडेल. वाचकाला वाट पाहायला लावायची असेल तर अशी लावावी, की त्या आठवड्याने त्याला काहीतरी द्यावे.

या बेतात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायची आहे. बारा हप्ते सलग वाचणाराही कोणी असणारच. म्हणून कथा पुरी झाल्यावर ती एका बैठकीत वाचून पाहावी. जेथे दचका निघून गेल्यावर पोकळी दिसते, ती जागा खोटी होती असे समजावे. तसेच मधेच येऊन मिळालेल्या वाचकासाठी प्रत्येक हप्त्याच्या आरंभी मागच्या भागाची लांबण लावू नये. खांद्यावर फावडे आणि मागे गोदामाची भिंत, एवढे एक चित्र असले की जुन्याला आठवण होते आणि नव्याला वाट सापडते. चांदोबातले प्रेताचे चित्र हेच काम करीत असे.

आपल्यापैकी जी तरुण मुले-मुली चित्रे काढतात, त्यांना एक व्यवहाराची गोष्ट सांगावीशी वाटते. कोकणपट्टीत पाऊस लागण्यापूर्वी घरात आगोटीची बेगमी करतात. सरपण, सुकी मासळी, पापड, मीठ भरून ठेवतात, कारण पुढचे चार महिने बाजार आपल्या हाती नसतो हे ठाऊक असते. क्रमशः चित्रकथा काढणाऱ्याने अशीच बेगमी करावी. पहिला हप्ता लोकांपुढे ठेवण्यापूर्वी पाच-सहा हप्ते तयार असावेत आणि शेवट तर ठरलेलाच असावा. परीक्षा येते, आजारपण येते, घरचे कार्य निघते. हात थांबला तरी कथा थांबू नये. आणि आरंभीच सांगून टाकावे की कथा इतक्या हप्त्यांची आहे. जपानमधल्या ‘वन पीस’सारखी कथा १९९७ पासून पाव शतकाहून अधिक काळ चालते, हे खरे; पण त्यामागे साप्ताहिक आहे, संपादक आहेत, मदतनीस आहेत. एकट्या हाताने बारा हप्ते काढून पुरे करणारा आमच्या दृष्टीने शंभराची घोषणा करून नवव्याशी अडणाऱ्यापेक्षा मोठा.

थोडे पालकांनाही. मुलगा मोबाईलवर चित्रकथा वाचतो म्हणून त्याच्यावर डोळे वटारण्याने काही साधत नाही. त्याऐवजी रात्री जेवताना त्याला विचारावे, ‘काय रे, पुढे काय होईल असं वाटतं तुला?’ तो जर आबाविषयी बोलू लागला, तर कथा चांगली आहे असे समजा. तो जर फक्त ‘दार कोणी वाजवलं’ एवढेच सांगू शकला, तर दोन-चार हप्त्यांनी त्यालाच कंटाळा येईल. न आला तर त्याच्याशी बोलायला विषय मिळाला असे समजा. आणि पुढचा भाग आत्ताच हवा म्हणून तो पैसे मागू लागला, तर त्याला आठवडाभर थांबायला सांगा, पण त्याच्याबरोबर आपणही थांबा. एकट्याने वाट पाहणे कठीण असते. दोघांनी वाट पाहिली की तिची गप्प होते.

शेवटी एक सूचना करून आम्ही थांबतो. कोरियातल्या आणि जपानातल्या कथा आपल्या मुलांनी जरूर वाचाव्यात. हरिभाऊंच्या पिढीने इंग्रजी कादंबऱ्या वाचल्या म्हणूनच मराठी कादंबरी उभी राहिली. पण पडघ्याच्या खाचरांची कथा पडघ्याच्या मुलांवाचून दुसरे कोणी काढणार नाही. त्यासाठी मोठा खर्च नको. गावातल्या शाळेत किंवा वाचनालयात दर्शनी भिंतीवर एक फळा राखून ठेवावा. येत्या जूनपासून पुढच्या मेपर्यंत, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, मुलांनी काढलेल्या चित्रकथेचा एक हप्ता त्यावर लावावा. त्याचीच छबी टिपून मोबाईलवरून हवी तेथे पाठवावी. राब भाजण्यापासून झोडणीपर्यंतची कामे, बाजारचा दिवस, भिवंडीतल्या यंत्रमागावरची रात्रपाळी, महामार्गावर रात्रभर खोळंबलेल्या मालमोटारी, यांतले काहीही चालेल. अट एकच : बारावा हप्ता लागलाच पाहिजे. फळ्यासमोर उभे राहून लोक काय बोलतात ते चित्र काढणाऱ्याने जवळ उभे राहून ऐकावे. कोठे थांबायचे हे त्याला आमच्या व्याख्यानापेक्षा ती माणसे अधिक चांगले शिकवतील. श्रोत्यांच्या तोंडाकडे पाहून चित्र पुढे करणारा पिंगुळीचा कथेकरी हेच करीत आला आहे.